चौदा फोन आणि आठची गोळी

सोमवार, २ मार्च

ताईंनी आज वही दिली. ताई म्हणजे आमच्या कंपनीतल्या प्रोग्रामर बाई. कंपनी म्हणजे तीन माणसं, चौदा फोन आणि एक पंखा, जो फिरतो पण वारा देत नाही. ताई म्हणाल्या, "तू तोंडी सांगतोस ते मला कळत नाही आणि चिठ्ठीवर लिहितोस ते तुलाही कळत नाही. रोज वहीत लिही. काय झालं तेवढंच लिहायचं. काय वाटलं ते नाही."

मी येताना दुकानातून अजून एक वही घेतली. झालं त्याची वही ऑफिसात राहील. वाटलं त्याची ही.

माझं काम एकदा नीट लिहून काढतो, कारण घरी सांगितलं की कुणाला पटत नाही. आम्ही मोबाइलची ॲप बनवतो. जगात फोन दोन जातीचे. एक शिष्ट, महाग, आपल्याच तोऱ्यात राहणारे. दुसरे भाऊगर्दीतले, शंभर कंपन्यांचे, ज्याला जो परवडेल तो. पूर्वी म्हणे दोघांसाठी दोन वेगळी ॲप लिहायला लागायची. ताई एकदाच लिहितात आणि ते दोन्हीकडे चालतं. निदान चालायला पाहिजे. चालतं का ते बघणारा मी.

माझ्या टेबलावर लाकडी स्टँड आहे. त्यात चौदा खाचा, खाचेत एकेक फोन, पाच शिष्ट, नऊ भाऊगर्दीतले, प्रत्येकाच्या बुडाला चार्जरची वायर. पाठीवर नंबर. एकच बटण चौदा वेळा दाबायचं आणि कुठे काय वेगळं झालं ते लिहायचं. सर, म्हणजे कंपनीचे मालक, मला परीक्षक म्हणतात. नववीला दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच म्हणतात. मीही सरांचं नाव होईलसाहेब ठेवलंय. काहीही विचारा, "होईल, होईल."

हे सातवं काम. फोन दुरुस्तीच्या टपरीवर सर्वांत जास्त टिकलो, अकरा महिने. बाबा म्हणतात तुझ्या बुडाला काटे आहेत.

बुधवार, ४ मार्च

अक्काला, म्हणजे गावी असलेल्या माझ्या मोठ्या बहिणीला, पार्सल मिळालं. ती आणि दाजी बाबांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. पार्सलमध्ये बाबांसाठी फोन पाठवला होता. आमच्या सात नंबरचा सख्खा भाऊ, तीच कंपनी, तेच मॉडेल. मुद्दाम तोच घेतला. सात नंबर माझ्या रोजच्या हातातला, त्याची नस न् नस माहीत.

सध्या आम्ही बनवतोय ते गोळीचं ॲप. एका डॉक्टरांचे सात दवाखाने आहेत, त्यांच्या पेशंटसाठी. ठरलेल्या वेळेला फोन वाजतो. गोळी घ्यायची आणि 'घेतली' दाबायचं. दाबलं की नातेवाइकाच्या फोनवर हिरवा ठिपका. तासाभरात नाही दाबलं तर लाल, आणि खाली 'चुकली'. चाळीस पेशंटांना वापरायला दिलंय. एक्केचाळिसावे बाबा, ते माझ्या खात्यातले.

बाबा टर्नर आहेत, लोखंड कातून भाग बनवतात. घराच्या मागच्या शेडमध्ये एक लेथ, त्याच्यावर आमचं सगळं घर उभं राहिलं. लोखंडाचा तुकडा, त्यांच्या भाषेत जॉब, पकडून फिरवणारा जबडा म्हणजे चक. गेल्या वर्षी चक फिरत असताना त्यांना भोवळ आली. हात थोडक्यात वाचला. ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज सकाळी आठला एक गोळी, ती चुकली नाही तोवर मशीन चालवा, चुकायला लागली तर मशीन बंद. आई असती तर आठवण करायला ॲप कशाला लागलं असतं.

व्हिडिओ कॉलवर मी अक्काकडून सगळं बसवून घेतलं. बाबा शेजारी उभे, हात पुसत.

"बाबा, सोपं आहे. वाजलं की गोळी घ्या आणि हे हिरवं दाबा."

"वाजलं की दाबायचं."

"हो."

"आणि नाही वाजलं तर?"

"वाजणारच. मी स्वतः तपासलंय."

"बरं," म्हणाले. बाबांचं 'बरं' म्हणजे व्हर्नियरने मोजलेलं असतं. जेवढं सांगितलं तेवढंच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

शनिवार, ७ मार्च

तीन दिवस तीन हिरवे. अक्का म्हणाली, बाबा दिवसातून दहा वेळा ते ॲप उघडून बघतात, आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवतात, "पोरानं केलंय." मी केलं नाही, ताईंनी केलंय, पण अक्काला म्हटलं राहू दे.

मंगळवार, १० मार्च

लाल.

नऊला ऑफिसात शिरताना बघितलं. फोन लावला.

"बाबा, गोळी घेतली का?"

"घेतली."

"मग लाल का आलं?"

"ते तुझ्या फोनला विचार."

"दाबलं नाही का तुम्ही?"

"वाजलं नाही, दाबलं नाही."

मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. शेडमध्ये फोन खिशात ठेवत नाहीत, लोखंडाचा कीस उडतो म्हणून हत्यारांच्या खणात ठेवतात. म्हटलं आवाज मोठा करा. म्हणाले, "मोठाच आहे."

बुधवार, ११ मार्च

आज हिरवा. पण डोक्यातून कालचं जाईना. सात नंबरवर पाच वेळा लावून बघितलं. पाचही वेळा वाजला. इतका वाजला की होईलसाहेब आतून म्हणाले, "परीक्षक, गोळी मलाच द्या एक."

ताईंना विचारलं, एका जागी लिहिलेलं दोन जातींच्या फोनला कळतं कसं. ताई उभ्यानेच डबा खातात, खाता खाता म्हणाल्या, "माझं ॲप फोनशी थेट बोलत नाही. मध्ये एक दुभाष्या आहे. मी त्याला सांगते, आठला उठव. तो शिष्टाला त्याच्या भाषेत सांगतो, दुसऱ्याला त्याच्या भाषेत."

"आणि दुभाष्या खोटं बोलला तर?"

"तो नाही बोलत. निरोप पोचवतो. फोन हो म्हणतो."

"फोन हो म्हणाला आणि केलंच नाही तर?"

"मग तो आपल्या सरांच्या जातीचा," ताई म्हणाल्या आणि आतल्या दाराकडे बघून खाली बसल्या.

हसलो, पण समजलं असं म्हणता येणार नाही. दोन माणसांना एकच चप्पल घालायला द्यायची आणि कुणालाच चावत नाही ना ते मी बघायचं, असं काहीसं आहे.

शनिवार, १४ मार्च

गुरुवार लाल, शुक्रवार लाल, आज लाल.

"घेतली का?"

"घेतली."

"बाबा, खरं सांगा."

"मी खोटं कधी बोललो रे?"

मग आपणहून म्हणाले, "काल दुपारी वाजला तुझा फोन. खणातून पाना काढताना हातात घेतला, तर आठची गोळी घ्या म्हणतो. दुपारी तीनला आठ कसे वाजवू मी?"

मी हसण्यावारी नेलं, पण फोन ठेवल्यावर बरं वाटलं नाही. सकाळ-दुपार मिसळायला लागली का त्यांची? आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आधी वेळ गेली, मग माणसं.

सरांनाही सांगितलं की चाळिसातले काही पेशंट वाजत नाही म्हणतात. सर म्हणाले, "म्हातारी माणसं. गोळी विसरली की फोन वाजला नाही. चष्मा विसरला की फोन दिसला नाही. तुझ्या टेबलावर वाजतो ना?"

"चौदाही वाजतात."

"मग झालं. तेविसाला डॉक्टरांना द्यायचंय. कागदावर तुझी सही लागेल, 'सर्व फोनवर तपासले, चालते.' सही येते ना परीक्षकांना?"

येते म्हणालो. सही तेवढी चांगली येते मला.

सोमवार, १६ मार्च

पुन्हा लाल. आज मी चिडलो. व्हिडिओ लावला. बाबा शेडमध्ये, पाठीमागे लेथ थांबलेलं.

"बाबा, नऊ वाजून गेले. गोळी नाही घेतलेली तुम्ही."

"अरे घेतली. आठला. पाण्याचा पेला हा बघ इथे."

"पेला रोज तिथेच असतो. माझ्याकडे लाल दिसतंय."

"दिसत असेल."

"मी दीड दिवसाच्या वाटेवर बसलोय, बाबा. मला हेच दिसतं, दुसरं काही दिसत नाही. विसरलात तर विसरलात म्हणा. त्यात लाज कसली?"

बाबा हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "तू म्हणतोस तर नसेल घेतली."

माझ्यासमोर गोळी घेतली आणि दाबलं. ठिपका हिरवा झाला. मला एकदम हलकं वाटलं. रागावलं की ऐकतात.

मंगळवार, १७ मार्च

लाल. व्हिडिओ. आज वादच घातला नाही त्यांनी. "घेतो," म्हणाले आणि घेतली. आवाज बारीक वाटला.

बुधवार, १८ मार्च

आज सकाळी ऑफिसात नवीन आवृत्ती आली म्हणून फोन करायला जमलं नाही. दुपारी अक्काचा आला. बाबा शेडमध्ये खाली बसलेले सापडले, मशीनला टेकून, अंग घामाने गार. गिऱ्हाईक आलं होतं म्हणून कळलं. मशीन तेवढं चालू नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं, प्रेशर एकदम खाली गेलंय म्हणाले, आज झोपवून ठेवा.

"खाली?" मी म्हटलं. "गोळी चुकली तर वर जायला पाहिजे ना?"

"मला काय कळतंय त्यातलं," अक्का म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं गोळ्या नीट घेतात का, तर मी तुझे लाल ठिपके दाखवले. ते म्हणाले, असं असेल तर मशीनला हात लावू देऊ नका."

मग फोन दाजींनी घेतला. दाजी शाळेत कारकून आहेत. त्यांचं बोलणं नेहमी आवक-जावक नोंदवल्यासारखं. "हे बघा, आम्ही लेथचा पट्टा काढून घरी आणून ठेवलाय, म्हणजे मशीन फिरणारच नाही. राग नको, पण पुरावा तुमच्याच ॲपचा आहे."

"बरोबर केलंत," मी म्हणालो.

हे इथे लिहून ठेवतो, कारण मीच म्हणालो.

गुरुवार, १९ मार्च

अक्काने गोळ्या मोजल्या. एक तारखेला तीस आणल्या होत्या. आज एकोणीस, अकरा उरायला पाहिजेत. आठच आहेत.

हे काय गणित आहे? माझ्याकडे सात सकाळी लाल आलं. त्यातली दोनदा माझ्यासमोर घेतली, तरी पाच गोळ्या जास्त उरायला हव्यात. उरल्यात कमी. घेतही नाहीत आणि जास्तही घेतात, असा माणूस असतो का?

दाजी म्हणतात असतो. विसरतात म्हणून घेत नाहीत, आणि घेतलेली विसरतात म्हणून पुन्हा घेतात. दाजींचं सगळं कसं फाइलला लागतं.

बाबांशी बोललो. "कसं वाटतंय?" "बरंय." "काही लागलं तर सांगा." "बरं." पट्ट्याबद्दल चकार शब्द नाही. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून मला त्या लेथवर उभं करायला बघत होते आणि मी पळत होतो. आता ते उभे राहू शकत नाहीत आणि मी मात्र दिवसभर एका जागी उभा राहून बटणं दाबतोय. का कुणास ठाऊक, दिवसभर हेच डोक्यात होतं.

ताईंना विचारलं, ॲप चुकू शकतं का. ताईंनी कानातला इअरफोन काढला. "तुझी कामाची वही दाखव." दाखवली. चौदा फोन, प्रत्येकावर तीस वेळा, सगळीकडे 'वाजला'. ताई वहीकडे बघत राहिल्या. "मग कळत नाही बाबा," म्हणाल्या. ताईंना कळत नाही म्हटल्यावर मी कोण?

रविवार, २२ मार्च

काय झालं ते आधी लिहितो. वाटलेलं नंतर.

शुक्रवारी माझा फोन पडून फुटला. म्हणून सरांना विचारून सात नंबर खोलीवर आणला. काल दिवसभर खिशात होता, खोलीवर आल्यावर पँटसकट खुंटीला. चार्जर ऑफिसातच राहिला. त्याच्यावर आमचं ॲप आहे, सकाळी आठचीच वेळ लावलेली, बाबांच्यासारखी.

आज सकाळी सातला उठलो. कपडे धुतले. खोलीतला सुतार जोडीदार पलंगावर बसून दाढी करत होता, त्याच्याशी गप्पा झाल्या. नाश्ता केला. अक्काला फोन करावा म्हणून खुंटीवरच्या पँटमधून सात नंबर काढला, स्क्रीन लागली, आणि तो माझ्या हातात बोंबलायला लागला. आठची गोळी घ्या.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मी सुताराला विचारलं, "हा मघाशी वाजला का?"

"कधी?"

"आठला."

"मी इथेच आहे की सहापासून. नाही वाजला."

पँट खुंटीवर. फोन खिशात. आठला वाजला नाही. हातात घेतला तेव्हा वाजला. दुपारी तीनला खणातून पाना काढताना हातात घेतला तेव्हा वाजला.

मी पलंगावर बसलो. सुतार म्हणाला, "काय रे, कोण गेलं?"

आता वाटलेलं लिहायचं, तर लिहिताच येत नाही. चौदा फोन तीस वेळा तपासले मी. एकही एकदासुद्धा चार्जरवरून काढला नाही. काढायचं डोक्यात आलं नाही. खाच होती, वायर होती, छान रांगेत दिसायचे.

सोमवार, २३ मार्च

सहीचा दिवस. मी आठच्या आधी ऑफिस उघडलं, चौदाही फोनच्या वायरी उपटल्या, स्क्रीन बंद केल्या, पालथे घातले आणि सगळ्यांना अकराची वेळ लावली. ताई आल्यावर त्यांना सांगितलं. त्या डबा न ठेवताच खुर्चीत बसल्या.

"अरे देवा," एवढंच म्हणाल्या. मग समजावलं, हळूहळू, मला की स्वतःला ते कळेना. चार्जरवरचा फोन म्हणजे पोट भरलेला माणूस, कुणालाही हो म्हणतो. वायर काढून ठेवलं की तो बॅटरी वाचवायला लागतो, आणि जे ॲप माणूस फारसं उघडत नाही त्याला झोपवून टाकतो. शिष्ट फोन गजराला तरी जागतात. भाऊगर्दीत प्रत्येक कंपनीची झोपवायची रीत वेगळी. दुभाष्याने निरोप दिला, फोनने हो म्हटलं आणि झोपला. आणि कुणाचा कॉल चालू असताना जाग आली तर गजर आवाज न करताच निघून जातो, म्हणून मी फोन करायचो तेव्हाही बाबांना तो ऐकू आला नाही.

पहिल्या आठवड्यात बाबा ते दहा वेळा उघडत होते. गिऱ्हाइकांना दाखवत होते. तेव्हा हिरवं होतं.

अकरा वाजले. सर कागद घेऊन बाहेर आले. पाच शिष्ट वाजले. नऊ भाऊगर्दीतल्यांपैकी तीन वाजले. सहा गप्प. सर त्या सहांकडे असे बघत होते जसं काही ते उठून काही तरी सांगणार आहेत.

"हात लावा एकाला," मी म्हटलं. सरांनी सात नंबर उचलला. वाजला. सरांनी पटकन खाली ठेवला.

"बरं मग," सर म्हणाले, "पेशंटना सांगू, फोन चार्जरवर ठेवा."

"दिवसभर?" ताई म्हणाल्या.

"आठ वाजेपर्यंत. होईल, होईल."

"सर, न वाजणं आणि न घेणं, आपण दोन्हीला एकच लाल लावलंय," मी म्हटलं. मला वाटलं नव्हतं मी बोलेन. "तिसरा रंग पाहिजे. राखाडी. खाली लिहायचं, माहीत नाही."

"परीक्षक, 'माहीत नाही' कोण विकत घेतं?"

"आत्ता आपण खोटं विकतोय."

ताई माझ्याकडे वळल्या नाहीत, स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या, "सर, त्या चाळीस घरांत रोज कुणी तरी कुणाला तरी ओरडत असेल. आपल्या लाल ठिपक्यावरून."

सरांनी कागदाची घडी घातली, एक, दोन, तीन, इतकी लहान केली की पुढे घालता येईना. मग डॉक्टरांना फोन करायला जिन्यात गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा म्हणाले, आजपासून चाळीसही जणांचं बंद, डॉक्टर प्रत्येकाला स्वतः कळवतायत. डॉक्टर काय बोलले ते सांगितलं नाही. 'होईल' मात्र म्हणाले नाहीत.

बाबांना फोन करायचा होता. केला नाही. काय बोलायचं ते जुळेना.

मंगळवार, २४ मार्च

केला. डबा खायच्या सुट्टीत, जिन्यात बसून.

"बाबा, तो फोन वाजतच नव्हता."

"मी तेच सांगत होतो."

"हो."

"म्हणजे गोळी मी घेत होतो."

"रोज. एकही चुकली नाही."

पलीकडे पुटपुटणं ऐकू आलं, सोमवार, मंगळवार. 

"मग त्या सोमवारी, मंगळवारी तुझ्यासमोर घेतल्या त्या?"

"त्या दुसऱ्या. तुम्ही आधी घेतल्याच होत्या. मी जबरदस्तीने दुसरी घ्यायला लावली." एवढं वाक्य बोलायला मला फार वेळ लागला. "त्यानेच प्रेशर खाली गेलं."

"पण गोळ्या तीन कमी भरल्या," बाबा म्हणाले. मोजमाप त्यांचं कधी सुटत नाही. "तू दोनच वेळा सांगितलंस."

"तिसरी?"

"बुधवारी तुझा फोन आला नाही. आठला घेतली होती. नऊला वाटलं, तू फोन केला असतास तर नाही घेतली असंच म्हणाला असतास. म्हणून घेतली आणखी एक."

जिन्यावरून कुणी तरी खाली जात होतं, त्याला वाट द्यायला मी सरकलो. बरं झालं, तेवढा वेळ मिळाला.

"तुझ्या टेबलावर कसा वाजायचा मग?" बाबांनी विचारलं. मी चार्जरचं सांगितलं. सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी, दुसऱ्या कारागिराचं ऐकतात तसं. मध्ये दोनदा "थांब, परत सांग" म्हणाले. मग म्हणाले, "चकात असताना गरम जॉब मोजायचा नाही. काढायचा, गार होऊ द्यायचा, मग मोजायचा. हे तुला दहाव्या वर्षी सांगितलं होतं."

"विसरलो."

"तू विसरलास," म्हणाले, आणि हसले की खोकले ते कळलं नाही.

"पट्टा आजच आणा दाजींकडून," मी म्हटलं.

"तू सांग त्यांना. माझ्या सांगण्यावर नाही द्यायचे."

त्यांनी हे अगदी साधेपणाने म्हटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, २५ मार्च

दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, "गेल्या बुधवारी तुम्ही म्हणालात बरोबर केलंत. या बुधवारी म्हणता चूक. पुढच्या बुधवारी काय म्हणाल? मला लेखी द्या. माणसाच्या हाताचा प्रश्न आहे."

पहिल्यांदा राग आला. मग वाटलं दाजी एकटेच आहेत ज्यांनी माझ्याकडे पुरावा मागितला. मी बाबांच्या बाबतीत कुणाकडे मागितला होता?

पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. ताईंनी शुद्धलेखन बघायला मागितलं, नाही दिलं. शेवटी असं लिहिलं: मी फोन तपासण्याचे काम करतो. माझे तपासणे चुकले. फोन वाजत नव्हता. माझ्या वडिलांनी या महिन्यात एकही गोळी चुकवली नाही. तीन जास्त घेतल्या, त्यातल्या दोन माझ्या सांगण्यावरून आणि एक माझ्या धाकाने. माझे लाल ठिपके कोणीही पुरावा मानू नयेत. खाली सही.

फोटो काढून पाठवला. एक प्रत बाबांच्या डॉक्टरांना द्या म्हटलं. दाजींचं उत्तर: 'पत्र मिळाले. डॉक्टरांना दाखवून कळवतो.'

शुक्रवार, २७ मार्च

सकाळी आठला फोन वाजला. बाबा. ते आपणहून कधी फोन करत नाहीत, म्हणून चहा तसाच टाकून उचलला.

"घेतली," म्हणाले.

"बरं. ॲप..."

"काढून टाकलं," म्हणाले आणि ठेवला.

शनिवार, २८ मार्च

आठला फोन. "घेतली." ठेवला.

मी विचार करतोय. हे ते माझ्या समाधानासाठी करतात, की आता त्यांचा स्वतःवर भरवसा उरला नाही आणि कुणी तरी ऐकायला लागतं? अक्काला विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत? मला नाही करत ते फोन. मी दोन गल्ल्यांवर आहे." थोडी दुखावल्यासारखी वाटली. का ते कळलं नाही.

रविवार, २९ मार्च

आठला. "घेतली." मी म्हटलं, पट्ट्याचं काय झालं? म्हणाले, "दाजी बघतायत." ठेवला.

ताईंनी राखाडी ठिपका बसवायला घेतलाय. रविवारी पण आल्या होत्या म्हणे. मी आता फोन खिशात, खणात, उशीखाली, पिठाच्या डब्यावर, जिथे जिथे माणसं ठेवतात तिथे ठेवून बघतो. सुतार म्हणतो तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, जिथे जाईन तिथे फोन.

मंगळवार, ३१ मार्च

आठ वाजले. फोन नाही.

आठ दोन. आठ चार. मी खोलीच्या दारात उभा, ऑफिसला निघालेलो, एक पाय चपलेत. अक्काला लावावा म्हणून नंबर काढला, मग वाटलं ती धावत जाईल, तिला घाबरवू नये. आठ सहा. गोळी घेतली असेल आणि फोन विसरले असतील. किंवा फोनचं लक्षात असेल आणि गोळी... आठ आठ. सुतार म्हणाला, "तूच कर की." मी म्हटलं, केला तर त्यांना वाटेल मी पुन्हा तपासतोय. "मग नको करू." ही काय मदत झाली?

आठ अकराला वाजला.

"घेतली."

"बाबा, अकरा मिनिटं उशीर."

"जॉब चकात होता," म्हणाले. "अर्ध्यात सोडून येता येतं का?"

मी म्हटलं, नाही येत.

"मग," म्हणाले, आणि ठेवला.